गुंजेच्या डोळ्यांच्या बावीस भावल्या

आमचं खर्डा नगर जिल्ह्याच्या ह्या टोकाला आन् भंडारदऱ्याचं पानी त्या टोकाला. मधी येवढा मुलूख पसरलाय ते मला ठावं नव्हतं. माझं जानं-येनं म्हंजी जामखेडचा दवाखाना न्हाईतर लेकीचं गाव, त्याच्या म्होरं कदी गेले न्हाई. औंदा दिवाळी सरल्यावर आठ दिसांत समदा जिल्हा आडवा हिंडून आले. ज्यांनी बघितला न्हाई त्यांला सांगते. देवाला गेले नव्हते का कुनाच्या लग्नाला गेले नव्हते. माझ्या हातच्या भावल्या इकल्या गेल्त्या, त्या माघारी आनायला गेल्ते.

आदी कारन सांगते, त्याबिगर कळायचं न्हाई.

चिंध्यांच्या भावल्या मी लगीन झाल्यापून करते. जुन्या लुगड्याचं आंग, पोटात कापूस, काळ्या दोऱ्याचं क्यास आन् डोळं गुंजंचं. गुंज म्हंजी येलाला येती ती लाल बी, टोकाला काळा ठिपका. पैलं सोनार सोनं तोलायला वापरायचं. किल्ल्याकडच्या कुपाटीला तिचं येल हायती. आमच्याकडं भावलीला गुंजच लावत्यात, म्हंजी खेळनाऱ्या लेकराला नजर लागत न्हाई. माझी आई लावायची, तिची आई लावायची. डिंकानं चिकटवायचं. डोळा निगायचा, कुटं पडायचा, एखांदं पोरगं गिळायचं बी. दुसऱ्या दिशी पोटातनं बाहेर. कुनाला काय झाल्यालं माझ्या ध्यानात न्हाई.

जामखेडला बचत गटाचा बाजार भरल्ता, तिथं नगरच्या सावेडीतल्या एका दुकानवाल्या मॅडमनी भावल्या बघितल्या. लई आवडल्या. तवापून त्यांच्या दुकानात जात हुत्या. औंदा उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. म्हनल्या, आजी, तुमच्या बाहुलीचे डोळे निघतात, आता खेळण्याचे नियम कडक झालेत, सुटा भाग असला की मूल गिळतं, डोळे पक्के शिवून द्या. मला बराबर वाटलं. मी बारीक दाभन चुलीत लाल केलं आन् येकेका गुंजंला आरपार भोक पाडलं. काळा दोरा घालून मागनं दोन गाठी मारल्या. वढलं तरी डोळा निगना. अशा बावीस केल्या. आठ खर्ड्याच्या बाजारात गेल्या, तेरा मॅडमला दिल्या आन् एक चिमीला.

चिमी माझ्या नातवाची लेक. अडीच वर्साची. दाढा येत हुत्या तिच्या, गावंल ते चावायची. एका दुपारी सुरेखा, म्हंजी तिची आई, भावली घेऊन आली. आजी, म्हनली, हिनं डोळा चावला, निम्मा न्हाईच. मी म्हनले, जाईल पोटातनं, आमी बी गिळल्यात. हे मीच म्हनले, दुसऱ्या कुनी न्हाई.

दुसऱ्या दिशी उलट्या लागल्या. ओवा दिला, दिष्ट काढली. मंग संडासातनं रगत. जामखेडच्या डॉक्टरनी इचारलं काय खाल्लं, तवा आमी घरचं जेवानच सांगितलं. नगरला न्हेली तवा तिसरा दिस लागल्ता. भावली पिशवीत हुती, पोरगी सोडत नव्हती म्हनून. तिथल्या डॉक्टरीन बाईंनी तिचा फुटका डोळा बघितला आन् हातातली पेनच ठिवली. म्हनल्या, आजी, अख्खी गुंज गिळली तर कवच टणक असतं, बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं. ह्याला उतारा नाही.

चिमी चौथ्या दिशी गेली. भावली डॉक्टरांनी ठिवून घेतली.

मातीवरून आलो तवा माझ्या डोक्यात येकच. आनखी येकवीस हायती. मॅडमला फोन लावला. त्या म्हनल्या बघते, मंग त्यांचा फोन लागंना. घरात समदी म्हनली, सुतक हाय, सुतकात उंबरा वलांडू नये, फिटल्यावर बघू. सुतक फिटंपतुर कुनाचं लेकरू डोळा चावनार न्हाई आसं कुनी सांगावं? मी पिशवी भरली. सुरेखा चार दिस माझ्याशी येक शब्द बोलली नव्हती. ती चपला घालून दारात हुबी राहिली. म्हनली, "मी येते. तुमाला इंग्रजी वाचता येत न्हाई." मी चौथीपतुर शिकले, मराठी अक्षर लावून लावून वाचते. ती बारावी हाय.

खर्डा

आमच्या बाजारात खेळन्याला कागूद नसतो, नाव नसतं. हौसा बांगड्या इकती, तिच्या पालाला दोरी बांधल्याली, त्या दोरीला भावल्या, पिपान्या, भिंगरी समदं लटकवल्यालं. पोरगं येतं, भावलीचा पाय वढतं, पिपानी वाजवून बघतं, आई पाठीत धपाटा घालती आन् मंग घेती. पोरगं भावलीचा हात धरून घरी. पिशवी मागितली तर हौसा म्हनती, भावलीला काय पावसाचं भ्याव हाय?

सुरेखानं इचारलं, कुनाकुनाला दिल्या. हौसानं वही-बिही काय काढली न्हाई. बांगड्या भरता भरता आठीच्या आठी घरं सांगितली. कुन्या घरातली पोरगी, कितवी, भावलीचं लुगडं हिरवं का जांभळं, भांडन करून घेतली का हसून. मंग तिला कारन कळलं आन् तिनं हातातली बांगडी खाली ठिवली.

दारोदार फिरलो. सुतकातल्या बाया दारात आल्यावर काय काय जनी आत घेईनात, ते बराबरच हाय. शाळंमागच्या एका सुनंनं पोरीच्या काखंतनं भावली वढून माझ्या पायाशी टाकली. "तुमच्या हातची म्हनून घेतली हुती, आजी," येवढंच म्हनली. दुसरी म्हनली, आमच्या लेकरांवर परीक्षा घेत हुता व्हय. मी आयकून घेतलं. सुरेखा माझ्या मागं हुबी हुती, ती बी आयकत हुती.

आठवी भावली गावात नव्हती. ते घर ऊस तोडायला गेल्तं, नदीपल्याडच्या कारखान्यावर. मुकादमाचा नंबर गावला. तो म्हनला, मावशी, हितं मानसं मोजायला वेळ न्हाई आन् तुमी भावली इचारता. सुरेखानं फोन घेतला. ती काय बोलली मला आयकू आलं न्हाई, बाजूला गेल्ती. तासाभरानं मोबाईलवर फोटू आला. भावलीचं तोंड, दोन्ही डोळ्यांच्या जागी कात्रीनं कापल्याली भोकं, आन् त्या तोंडाखाली मुकादमाचा आंगठा.

आठ झाल्या. दीड दिस लागला. गाठोडं बांधून जामखेडवरनं नगरची यष्टी धरली.

सावेडी

नगरच्या स्टँडावरनं सावेडीला रिक्षा केली. नवं नगर म्हना. बंगलं, फलॅट, दर दोन घरामागं शाळा, टाय घातल्याली लेकरं स्कूटरवर आईच्या मागं. भाकरीचं फडकं काखंत घेऊन आमी त्या दुकानाच्या काचंपाशी गेलो तर काच आपली आपून सरली. मी दचकून मागं आले. सुरेखा म्हनली चला.

आत थंडगार. आन् समदी खेळनी खोक्यात. येक बी उघडं न्हाई. आमच्याकडं खेळनं हालवून, वाजवून, लेकरानं चाटून मंग घेत्यात. हितं हात मागं बांधून बाहेरनं बघायचं. माझी भावली मला वळखू आली न्हाई. गुलाबी खोकं, म्होरं पारदर्शक खिडकी, वर साटीनची फीत. आत भावलीचं दोन्ही हात आन् कंबार तारंनं पुठ्ठ्याला आवळल्याली. डोळं बघितलं तवा म्हनले, ही माझी.

खोक्यावर इंग्रजी. सुरेखानं वाचून सांगितलं. भावलीला येका पोरीचं नाव दिलं हुतं. खाली, हातानं बनवल्याली, नैसर्गिक बियांचे डोळे, कसलंच रसायन न्हाई. आन् फोटू हुता येका बाईचा, नाकात नथ, सुई हातात, हसती हाय. मी इचारलं ही कोन. सुरेखा म्हनली, ही तुमी. म्हंजी तुमच्या जागी.

खोक्याच्या कोपऱ्यात येक गोल चित्र हुतं. बारक्या लेकराचं तोंड आन् त्याच्यावर तिरकी रेघ. मी त्याच्यावर बोट ठिवलं. सुरेखानं लई वेळानं सांगितलं, तीन वर्साच्या आतल्या लेकराला देऊ नका, आसा त्याचा अर्थ. मी त्या चित्राकडं बघत राहिले. त्याला शाळा लागत न्हाई, माझ्यावानी बाईला बी कळंल. आमच्या दोरीवर तसलं कुनी कदी लावलं न्हाई.

मॅडम आल्या. आमाला बघून त्यांचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत न्हेलं, पोहं आनवलं, वर बारीक शेव, इवल्याशा कपात च्या. मानूस वाईट न्हाई. पर घाबरल्याली. मी बोलायला लागले तर म्हनल्या, आजी, हळू बोला, बाहेर गिऱ्हाईक आहे. मंग म्हनल्या, "जे झालं ते फार वाईट झालं. पण बॉक्सवर स्पष्ट लिहिलंय, तीन वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये."

सुरेखानं पोह्याची बशी बाजूला सारली.

"आमची चिमी अडीच वर्साची हुती, मॅडम. तिच्या भावलीला खोकं नव्हतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. मंग मोबाईल काढला. तिथं गिऱ्हाइकाचा नंबर लिवून घेत्यात, म्हनून बरं. तेरातल्या सा त्यांनी हितं ठिवल्या हुत्या. दोन अजून दुकानातच. चौघींला फोन लावलं. पैलीला म्हनल्या, टाके जरा सैल आहेत, बदलून देतो. सुरेखानं त्यांच्या हातातनं फोन घेतला आन् त्या बाईला खरं काय ते सांगितलं. मंग बाकीच्या तिघींला मॅडमनी सवताच खरं सांगितलं. येक बाई फोनवर लई वरडली. मॅडमचं मालक स्कूटर घेऊन गेलं आन् सांच्यापतुर चार खोकी घेऊन आलं. त्यातली दोन फोडलीच नव्हती. त्या घरात भावली खोक्यासकट कपाटात, बघायला ठिवल्याली. मी मनात म्हनले, आसंच असावं.

ऱ्हायल्या सात. मॅडम म्हनल्या, त्या भंडारदऱ्याला पाठवल्यात, धरणाजवळच्या स्टॉलवर, तिथं फोन लागत नाही. रहा म्हनल्या. सुरेखा नको म्हनली. स्टँडावर पडलो, सकाळची संगमनेर गाडी.

शेंडी

संगमनेरच्या स्टँडात माझ्या चपलाचा आंगठा तुटला. चांभार आला नव्हता. सुरेखानं पिशवीतल्या खोक्याची साटीनची फीत काढली आन् माझ्या पायाशी बसून चप्पल बांधून दिली. गुलाबी फीत, माझा पाय. येकमेकीकडं बघितलं न्हाई.

अकोले गावापून म्होरं जीपमधी, शेंडीला, म्हंजी धरनाजवळच्या गावाला. आमच्याकडं नजर टाकंल तिकडं जवारी आन् मोकळं आभाळ. हिकडं डोंगर आंगावर आल्यावानी. भात कापून झाल्यालं, खाचरात नुस्ती बुडखं, बांधावर पेंढ्या. आन् मंग येकदम पानी, येवढं पानी की मला ते खोटं वाटलं. आमच्याकडं टँकर आला की बाया भांडत्यात. लोक तिथं गाड्या थांबवून फोटू काढत हुते. चांगला मुलूख हाय. दुसऱ्या कारनानं आले असते तर बरं झालं असतं.

स्टॉल किसनचा, तिथलाच मानूस, चाळीशीचा. तारंवर येफरच्या पुड्यांशेजारी माझ्या भावल्या. हितं खोकं न्हाई. पातळ पिलास्टिकची पिशवी, वरच्या तोंडाला पुठ्ठा टाचल्याला. पुठ्ठ्यावर डोंगर आन् डोईवर मोळी घेतल्याली बाई. अक्षरं मोठी मराठी हुती, मीच वाचली. सह्याद्रीची आदिवासी बाहुली. म्हंजी खर्ड्यात तिला नाव नव्हतं, सावेडीत तिसऱ्याच पोरीचं नाव, आन् हितं ती जंगलातनं आल्याली. किसन म्हनला, पुठ्ठं नगरवरनं छापून येत्यात, मावशी. मुंबईचं मानूस हितं जंगलातलं म्हनलं तरच घेतं.

सुरेखानं त्याला समदं सांगितलं. त्याचा इस्वास बसंना. त्यानं आईला हाळी मारली. म्हातारी माझ्याच वयाची, कमरंत वाकल्याली. तिनं येक पिशवी काढली, उनात धरली, मंग दातानं फाडली आन् भावलीच्या डोळ्यावरनं आंगठा फिरवला.

"ही गुंज हाय," ती म्हनली. "मी मनी समजत हुते. आमी गुरांला बी हिच्या येलाजवळ जाऊ देत न्हाई. इख असतं हे. तुमाला कुनी सांगितलं न्हाई, बाई?"

"न्हाई," मी म्हनले.

"दोन म्हैने माझ्या डोळ्यांम्होरं लटकत हुत्या. पिशवी फुटली की गिऱ्हाईक घेत न्हाई, म्हनून हात लावला न्हाई. लावला असता तर तवाच कळलं असतं."

येकाच जिल्ह्यात येका टोकाला म्हातारीला ठावं हाय आन् दुसऱ्या टोकाला म्हातारीला ठावं न्हाई. मधी कुनी सांगनारं न्हाई. तेच माझ्या डोक्यात फिरत हुतं.

तारंवर तीन हुत्या. चार गेल्या हुत्या. किसन डोकं धरून बसला. म्हनला, दोन येका बाईनं जुळ्या पोरींसाठी घेतल्या, पांढरी गाडी. येक नव्या जोडप्यानं. येक येका म्हाताऱ्यानं, नातीला म्हनून. कुटली मानसं? मुंबईची, पुन्याची, नाशकाची, काय सांगू मावशी. रोज शेकड्यानं येत्यात.

आमी माघारी फिरलो न्हाई. सुरेखा म्हनली, काय मानसं पुन्ना पुन्ना येत्यात. किसनच्या आईनं ओसरीवर जागा दिली. सुतक हाय म्हनून आदीच सांगितलं, तर ती म्हनली, हितं कोन बघतंय, जेवा. भात, नागलीची काळी भाकर, हुलग्याचं कालवन. जवारी त्यांच्याकडं न्हाई. भात मला पोटाला पुरत न्हाई, पर तिनं वाढला तो समदा खाल्ला.

दोन दिस आमी रस्त्याच्या कडंला हुबं राहिलो. माझ्या हातात येक भावली, सुरेखाच्या हातात येक, डोळं काढल्याली. गाडी हळू झाली की दाखवायची आन् इचारायचं, अशी भावली न्हेली हुती का, वळखीत कुनाकडं हाय का. काचा खाली व्हायच्या. समदी येकच म्हनायची, केवढ्याला? सुरेखा सांगाय लागली की काच वर. येक बाई तेवढी थांबली, चांगल्या घरची, तिनं भावली हातात घेतली, उलटी केली आन् म्हनली, ही उघडीच आहे, पॅकिंगमधली नाही का? हिचे डोळे कुठे गेले?

सुरेखानं भावली माघारी घेतली आन् रस्त्यावरच खाली बसली. त्या दिशी मी पैल्यांदा तिच्या पाठीवर हात ठिवला. तिनं झटकला न्हाई, आन् टेकली बी न्हाई.

निगताना तिनं त्या पुठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिवलं, भावलीचे डोळे विषारी हायत, काढून टाका. किसननं तारंवर टांगलं. शेजारचं स्टॉलवालं कुरकुरलं, हंगामात गिऱ्हाईक भेईल म्हनून. किसन म्हनला, भिऊ द्या. आमी जीपमधी बसंपतुर त्यानं काढलं नव्हतं. म्होरचं मला ठावं न्हाई.

माघारी

येताना संगमनेरच्या म्होरं सुरेखा खिडकीला बसली हुती. बाहेरच बघत हुती. तशीच बोलली.

"आजी, तुमाला दिसत न्हाई म्हनून सुईत दोरा मी ववून देत हुते. बावीसच्या बावीस."

मला वाटत हुतं, ती माझ्यावर नजर ठिवायला आली, मी काय करते ते बघायला. आठ दिस मी तसंच समजत हुते. तिला काय तरी सांगायला पायजे हुतं. तुझा काय दोष न्हाई, आसं. पर माझा हाय तर तिचा न्हाई हे कसं सांगायचं, ते मला जमलं न्हाई. नगरला तिनं केळी घेतली, मला दोन दिली. मी खाल्ली.

घरी आल्यावर सोळा भावल्यांचं उरल्यालं डोळं काढून खोल खड्डा घेऊन पुरलं. सतरावी ऊसतोडीवर हाय, तिचं डोळं मुकादमानं चुलीत टाकलं आसं त्यानं फोनवर सांगितलं. खर्ड्यातल्या पोरी दारात येऊन रडायच्या, आमची भावली द्या. सुरेखानं काळ्या दोऱ्यानं नवं डोळं भरून त्यांच्या त्यांला दिल्या. मी सुईला हात लावत न्हाई. ती बोलती आता माझ्याशी, कामापुरतं. नातू अजून बोलत न्हाई.

चार न्हाई गावल्या. कुनाच्या गाडीतनं कुन्या गावाला गेल्या, मी काय तिथवर जाऊ शकत न्हाई. आता माझ्याच्यानं येवढंच व्हतं, लिवनं. सुरेखानं शुद्ध करून देते म्हनलं हुतं, मी नको म्हनले.

तुमच्या घरात वीतभर उंचीची, जुन्या लुगड्याची चिंध्यांची भावली आसंल, लाल डोळ्याची, मधी काळा ठिपका, आन् डोळ्याच्या मागं काळ्या दोऱ्याच्या दोन गाठी, तर ती माझी हाय, पिशवीवर काय बी लिवल्यालं आसू द्या. गाठी कात्रीनं कापा. डोळं खोल पुरा, हात धुवा. लेकरानं चावला आसंल तर बरं दिसतंय म्हनून थांबू नका. तवाच्या तवा मोठ्या दवाखान्यात न्या आन् डॉक्टरनी इचारायच्या आदी सांगा, गुंज हुती, भोक पाडल्याली.